ऐंशी कमळांचं माजघर

विश्वास कोणी ठेवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पन्नासच्या वर वर्षं झाली. ही गोष्ट मी लग्नांत सांगितली, बाराव्यांत सांगितली, एकदा तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आडवं करून ठेवलेलं असताना डॉक्टरला सांगितली. एकानंही विश्वास ठेवला नाही. तरी खरी आहे. तासगावात एका माजघरात मी अशी फरशी बसवली होती, की तिच्यावर नऊ दिवस माणसानं काय, मांजरानंसुद्धा पाय ठेवला नाही.

"मांजरानंसुद्धा?" नातसून म्हणाली.

"भिंतीला घासून, शेपूट वर धरून, कडेकडेनं जायचं. चांगल्या घरचं मांजर होतं."

नातसुनेचं नाव तेजल. ती आणि माझा नातू धैर्यशील आमच्या घरावर माडी चढवतायत, आणि फरशी कुठली बसवायची यावरून दोघांचं चार दिवस बिनसलं होतं. त्याला आरशासारखी पांढरी, दोन बाय चारची हवी. तिला जुन्या तऱ्हेची, नक्षीची. ती दुकानातून नमुना घेऊन आली आणि माझ्या खाटेवर ठेवून म्हणाली, "आजोबा, तुम्ही चाळीस वर्षं फरशा बसवल्यात. तुम्हीच सांगा."

मी बघितलं. पांढरी फरशी, एका कोपऱ्यात निळं पान.

"एकच आणलीस?"

"नमुना म्हणून एकच देतात."

"मग परत जा आणि चार आण. पोरी, एकट्या फरशीचं तोंड बघून तिला घरात घेऊ नये. चौघी एकत्र बसल्या की काय बोलतात, ते ऐकावं. मी एकदा ऐकलं नव्हतं. माझी थापी जाणार होती, आणि तुझी आजीही जाणार होती."

आजी, म्हणजे आमची हौसा, दारात सूप घेऊन शेंगा फोडत बसली होती. तिला हल्ली ऐकू कमी येतं. निदान मी बोलतो तेव्हा तरी येत नाही. त्यामुळे मी मोकळेपणानं सुरुवात केली.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचं सांगतोय. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, आणि दिसायला असा होतो की बाया पाणी भरताना घागर वाहून जाईपर्यंत बघत राहायच्या.

"तुमचा तेव्हाचा फोटो आहे घरात," धैर्यशील म्हणाला.

"तो धुताना बिघडला. मध्ये बोलू नको."

मिरजेच्या दस्तगीर उस्तादांकडे मी सहा वर्षं घमेली उचलली, तेव्हा कुठे हातात थापी आली. त्या साली उस्तादांनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं: गंगाक्का शेट्यांचं माजघर. शेट्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. घर नीट ध्यानात घ्या. पुढे सोपा, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर. माजघर ओलांडल्याशिवाय पुढचा माणूस मागे जात नाही आणि मागचा पुढे येत नाही. तिथली जमीन शेणानं सारवलेली होती, ती आता फरशीची करायची. लांबीत वीस फरशा, रुंदीत सोळा. फरशी आठ इंची, सिमेंटची, रंगीत.

काम देताना उस्ताद म्हणाले, "हैबती, तीन गोष्टी विसरू नको. दोरी, पाणी, आणि मालकीण. दोरी सरळ लाव. पाणी भरपूर मार. आणि मालकिणीला चार फरशा जमिनीवर मांडून दाखव. एक नाही. चार."

माल कालवायला आणि फरशा हातात द्यायला हौसा होती. जात्या-पाट्याला टाकी लावत, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडत, गावोगाव हिंडणाऱ्या केरबाची ही पोरगी. लहानपणापासून बापाची छिन्नी-हातोडीची पिशवी हिच्या खांद्यावर. अंगानं काटकुळी, आणि तोंड असं की नव्या सिमेंटनं तिच्या पुढे घट्ट व्हायला लाजावं. मला 'मिस्त्री' म्हणायची, पण अशा सुरात की शिवी बरी. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख चपटं होतं, जन्मजात. फरशी तिच्या हातातून माझ्या हातात आली की ते नख दिसायचं, आणि मला पुढचं काही सुचायचं नाही.

तेजलनं दाराकडे नजर टाकली. हौसानं त्याच अंगठ्यानं एक शेंग टचकन फोडली.

मी केरबाकडे सरळ मागणी घातली होती. केरबानं आधी विडी ओढून संपवली. मग म्हणाला, "पोरगी द्यायला माझी ना न्हाई. पर मिस्त्री म्हणवून घेतोस, ते खरं का खोटं, ते जमीन सांगंल. तुझं पयलं काम बघतो. गौरीच्या दिवशी येतो शेट्याकडं. हात बघतो, मग सांगतो."

म्हणजे बघा, त्या तीनशे वीस फरशांवर माझं अख्खं आयुष्य मांडलेलं होतं.

कारखान्यात गेलो, नमुना निवडला. गुलाबी रंग, हिरवी कड, कोपऱ्यात दोन टोकदार पाकळ्या. उस्तादांनी चार सांगितल्या होत्या. पण सायकलला कॅरियर नव्हतं, आणि चार फरशा बगलेत धरून सायकल चालवून बघा एकदा. मी एकच घेतली.

गंगाक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की दुकानातलं माप आपोआप बरोबर भरायचं. त्यांनी फरशी मांडीवर घेतली.

"हे काय रं? पान?"

"पानच, अक्का."

"कशाचं?"

"तुम्ही म्हणाल त्याचं."

"विड्याचं म्हणू?"

"म्हणा की."

"बरं हाय. माजघरात विड्याची पानं बरी. बसव."

झालं. एवढीच निवड. आजकाल तुम्ही चार दिवस भांडता.

आठ दिवस काम चाललं. मागच्या भिंतीपासून सुरुवात केली आणि सोप्याच्या दाराकडे सरकत आलो. ओळ बसली की तिच्यावर लाकडाचा भुसा पसरायचा आणि त्यावर पाणी मारायचं, म्हणजे माल सावकाश मुरतो. त्यामुळे शेटेमंडळींना आठ दिवस भुसाच दिसला. मला मात्र दिसत होतं. चार फरशा भिडल्या की मधोमध फूल उमलत होतं, आठ पाकळ्यांचं, टपोरं. मी खूश. हौसा एकदा म्हणाली, "ओ मिस्त्री, ही पानं न्हवंत." मी म्हणालो, "पानापेक्षा फूल बरं. मालकीण वर बक्षीस देईल." ती म्हणाली, "बघू," आणि पुढची फरशी दिली. तिचं नख दिसलं. मी फरशी बसवली, भुसा टाकला, पुढे सरकलो.

नवव्या दिवशी शेट्यांचं अर्धं घर सोप्यात जमलं, अर्धं स्वयंपाकघराच्या दारात. मी झाडू घेतला. लग्नात अंतरपाट धरणारा भटजीही एवढा ऐटीत उभा राहत नसेल. भुसा झाडत गेलो, पाणी ओतलं, फडकं मारलं. आणि माजघरात ऐंशी गुलाबी कमळं उभी राहिली.

सगळे जमिनीकडे बघत राहिले. मला वाटलं, डोळे दिपले. गंगाक्कांनी उंबऱ्यावर ठेवलेला पाय मागे घेतला.

"हैबती," त्या हळू म्हणाल्या, "हे काय हाय?"

"फूल, अक्का."

"कशाचं?"

या वेळी 'तुम्ही म्हणाल त्याचं' असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

"कमळ हाय हे. कमळावर कोण बसतं?"

"लक्ष्मी."

"आणि मी त्याच्यावर खरकट्या पायानं चालू? पोरं त्याच्यावर खेळतील? सुना शिळी आमटी सांडतील?"

त्यांनी दोन्ही हात जोडले, माजघराला नमस्कार केला आणि सोप्यातच बसकण मारली. सासूनं हात जोडल्यावर सुनांनी जोडले, सुनांनी जोडल्यावर पोरांनी. आता नमस्कार केलेल्या वस्तूवर पाय कोण ठेवणार? अर्धं घर सोप्यात अडकलं, अर्धं स्वयंपाकघरात.

त्या दिवसापासून शेट्यांच्या घरात जे चाललं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. सोप्यातून स्वयंपाकघरात जायचं तर पुढच्या दारानं बाहेर पडायचं, शेजारच्या नलवड्यांच्या बोळातून वळसा घालायचा, त्यांच्या म्हशीला चुकवायचं आणि मागच्या दारानं आत यायचं. बसवंतअण्णा, म्हणजे गंगाक्कांचा मोठा मुलगा, ताटावर बसून पाणी मागायचे आणि पाणी येईपर्यंत जेवण उतरलेलं असायचं. गंगाक्कांनी दोन पाट घेतले. एकावर उभं राहायचं, दुसरा पुढे टाकायचा, त्यावर जायचं, मागचा उचलायचा. पाटाखाली कमळ येतंच, पण पाट मधे म्हणजे सोवळं. अशानं त्या सकाळी निघाल्या की दुपारच्या चहाला पोहोचायच्या.

"आजोबा," तेजल म्हणाली.

"ऐक तर. अथणीहून बसवंतअण्णांचे मामा आले होते. त्यांना कुणी सांगितलंच नाही. मोठ्या तोऱ्यात चालत माजघराच्या मध्यावर गेले, तेव्हा एक पोरगं ओरडलं, 'मामाआजोबा, लक्ष्मी.' मामा जागच्या जागी थिजले. एक पाय खाली, एक वर. पुढे जावं तर कमळ, मागे जावं तर कमळ. तासभरासाठी आलेला माणूस चार दिवस राहिला. भाकरी त्यांना फळीवर ठेवून सरकवत होते."

"चार दिवस एका पायावर?"

"पाय बदलायचे. मी काय खोटं सांगतोय?"

हौसा सुपातली टरफलं पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी बसवंतअण्णांनी मला बोलावलं. ते मितभाषी माणूस, पण त्या दिवशी नलवड्यांच्या म्हशीनं त्यांना ढुशी दिली होती. "हे बघ हैबती," ते म्हणाले, "शुक्रवारी गौरी येतायत. आमची गौर सोप्यातून येते, माजघरातून स्वयंपाकघरात जाते, आणि ती आई आणते. लग्न होऊन आल्यापासून आणते. शुक्रवारी आईचा पाय या माजघरात पडला पाहिजे. नाही पडला तर शनिवारी कुदळ लावतो. आणि तू तासगावात पुन्हा थापी धरायची नाही."

शुक्रवारी गौर. शुक्रवारीच केरबा. एकाच दिवशी जमीनही जाणार आणि हौसाही.

मी गंगाक्कांचे पाय धरले नाहीत एवढंच. बाकी सगळं केलं. म्हणालो, "अक्का, हे कमळ नाही. भोपळ्याचं फूल आहे."

"भोपळ्याचं फूल गुलाबी असतंय व्हय?"

"कारखान्यात रंग चुकला असेल."

"मग भोपळ्याच्या फुलाला पाकळ्या आठ कशा? मी काय भोपळा लावला न्हाई जन्मात?"

म्हणालो, "अक्का, वर जाजम टाकू."

"झाकलं म्हणून कमळ मेलं का?"

मग मला एक फार हुशार गोष्ट सुचली. म्हणालो, "अक्का, गौर म्हणजेच लक्ष्मी. लक्ष्मी कमळावरूनच येणार ना घरात? तिला याच्यापेक्षा चांगली वाट कुठली?"

गंगाक्कांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. "लेका, ती चालंल. तिचं घरच हाय ते. पण तिला हातात धरून मी आणणार. माझ्या पायांचं काय?"

या बाईशी वाद घालायचा म्हणजे पाणी भरलेल्या खोलीत दोरी लावण्यासारखं होतं.

बुधवारी दुपारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो, मागच्या बाजूनं वळसा घालून आलेला. गंगाक्का उंबऱ्यावर बसून घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. आणि त्यांचे दोन्ही पाय, अनवाणी, खाली माजघरात, फरशीवर टेकलेले.

मी आधी डोळे चोळले. मग हळूच म्हणालो, "अक्का, पाय."

"काय झालं पायांना?"

"कमळावर आहेत."

त्यांनी खाली बघितलं आणि पाय आणखी नीट पसरले. "हे कुठं कमळ हाय? बघ की. तीन फरशा धड, चौथी फिरलीया. दोन पाकळ्या बाहेर तोंड करून बसल्यात. खंडित हाय हे. खंडित मूर्तीची आपण पूजा करतो का? न्हाई ना? मग पाय ठेवायला काय हरकत?"

मी गुडघ्यावर बसलो. खरंच होतं. तीनशे वीस फरशांत एक फरशी मी उलटी बसवली होती. कधी बसवली, कुणाच्या नखाकडे बघताना बसवली, हे मला लगेच आठवलं. कुठल्याही मिस्त्रीनं लाजेनं मातीत जावं अशी चूक. आणि मला ती त्या क्षणी देवासारखी वाटली.

बाहेर हौसा हौदावर घमेली धूत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"मंग सोपं हाय की," ती म्हणाली. "ऐंशीतलं एक खंडित हाय. ऱ्हायलेल्या एकोणऐंशीला एकेक टवका."

"टवका?"

"एका पाकळीचं टोक उडवायचं. टाकीचा एक घाव, हलका. मग त्या जागी पांढरं सिमेंट भरायचं, दवाच्या थेंबाएवढं. कमळ खंडित झालं, आणि जमीन बी वंगाळ दिसायची न्हाई."

"मी माझ्या हातानं माझीच फरशी फोडू? परवा तुझा बाप येईल, जमिनीवर बसेल आणि एकोणऐंशी टवके मोजेल. म्हणेल, हा मिस्त्री की उंदीर? आणि घाव जरा जास्त बसला तर फरशी उभी तडकते. मुरलेली फरशी आहे ती, तुझ्या बापाचं जातं नाही."

तिनं घमेलं उपडं ठेवलं. "मंग काय राखतोस? फरशी का मला?"

असा प्रश्न बाईमाणसानं विचारल्यावर पुरुषानं काय करावं? तुम्हीच सांगा.

गुरुवारी सकाळी मी उठलो. आता खरं तेच सांगतो. मन कच्चं झालं होतं. हातात पिशवी घेऊन मी एस.टी. स्टँडवर गेलो. सांगलीची गाडी लागलेली होती. माझी मावशी होती सांगलीत. पायरीवर एक पाय ठेवलाही. आणि मग काय झालं कोण जाणे, डोळ्यांसमोर ते चपटं नख आलं. पाय खाली घेतला, स्टँडवर एक ग्लास लिंबू सरबत प्यायलो, आणि वळलो. तडक शेट्यांच्या घरी.

छिन्नी घेतली, हातोडी घेतली, आणि पहिल्या कमळापाशी बसलो. काम असं, की हात जरा जड पडला तर फरशी गेली, जरा हलका पडला तर पाकळी तशीच. कान फरशीला लावायचा, पोकळ कुठे आहे ते ऐकायचं, श्वास धरायचा, आणि टक्. गव्हाएवढा कपचा उडाला पाहिजे, ज्वारीएवढा नाही की हरभऱ्याएवढा नाही. एक झालं, दहा झाली, चाळीस झाली. शेट्यांची पोरं दारात गर्दी करून मोजत होती. नलवड्यांची म्हैससुद्धा खिडकीत येऊन बघत होती. दिवस मावळायच्या आत एकोणऐंशी कमळं खंडित करून, एकोणऐंशी थेंब भरून मी उठलो. एक फरशी तडकली नाही. एक घाव चुकला नाही. एकदाही हातोडी बोटावर आली नाही.

"आणि आजी?" तेजलनं विचारलं. "त्या कुठे होत्या?"

"घरी. भाकऱ्या थापत असेल. हे काय बाईमाणसाचं काम आहे?"

मग शुक्रवार उजाडला. सोप्यात गणपती होता, दारात रांगोळी होती. तुळशीपासून आत लक्ष्मीची पावलं काढत आणली होती, आणि ती माजघराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबली होती, कारण पुढे कुंकवाचा हात टेकवायचं कुणाला धाडस नव्हतं. गंगाक्का गौरीचा मुखवटा दोन्ही हातांत धरून आल्या. मागे सुना ताटं वाजवत, गौर कशाच्या पावलांनी आली म्हणून विचारत. भिंतीला बसवंतअण्णा, घामानं ओलेचिंब. आणि दाराशी, पागोटं काढून हातात घेतलेला, केरबा.

गंगाक्का उंबऱ्यापाशी थांबल्या. वाकल्या. पहिल्या कमळाकडे त्यांनी इतका वेळ बघितलं की ताटांचा आवाज आपोआप बंद पडला. गौर डाव्या हातात घेऊन उजव्या हाताच्या बोटानं त्यांनी तो पांढरा थेंब चाचपला. दुसऱ्या कमळाचा चाचपला. तिसऱ्याचा.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी, अक्का."

"एकबी ऱ्हायलं न्हाई?"

"एकही नाही."

त्यांनी गौर पुन्हा दोन्ही हातांत घेतली. "पयली खंडित कमळाची जमीन बघितली बाई मी," त्या म्हणाल्या, आणि उजवा पाय उचलून फरशीवर ठेवला. मग डावा. मागे सुना, मागे पोरं, मागे मांजर, मधोमध, शेपूट खाली सोडून. अथणीच्या मामांनी नऊ दिवसांत पहिल्यांदा दोन्ही पाय एकदम टेकले.

"मामा चार दिवस राहिले होते ना?" धैर्यशील म्हणाला.

"पाहुणे परत येत नाहीत का? ऐक, मुख्य आता आहे."

गर्दी स्वयंपाकघरात गेली, तसा केरबा पुढे आला. जमिनीवर बसला. तळहात फिरवला. दोरी बघितली, सांधे बघितले. मग एका थेंबावर नख घासलं, वाकून घावाची धार बघितली, दुसऱ्याची बघितली. जात्याला टाकी लावणारा माणूस तो. घाव कसा बसलाय, ते त्याच्या बोटांना कळायचं.

"फरशी सरळ बसलीया," तो शेवटी म्हणाला. "पर हा टाकीचा हात कुणाचा?"

मी छाती पुढे काढली. "माझा," म्हणालो.

केरबानं माझ्याकडे बघितलंच नाही. हौसाकडे बघितलं. ती भिंतीला टेकून, हात पदरात गुंडाळून उभी होती. बापाचं काळीज, भरून आलं असणार. तो तिच्याकडे बघत राहिला, बघत राहिला, आणि मग म्हणाला, "बरं. ज्याचा हात असंल त्याला पोरगी दिली."

दिवाळी झाल्यावर लग्न झालं. आणि ते माजघर अजून तसंच आहे. कोणी म्हणतं, थेंबाची ती नक्षी हैबती मिस्त्रीची खासियत. पुढे पाच-सहा घरांतून मला मागणी आली, आम्हाला तसलंच दवाचं कमळ पाहिजे म्हणून. म्हणून सांगतो तेजल, एक फरशी बघून काही ठरवू नको. चार आण, मांड, आणि मग बघ.

मी पाण्याचा तांब्या उचलला. गोष्ट चांगली झाली होती, हे मला कळत होतं. धैर्यशील हसत होता. तेजल हसत नव्हती. ती निळ्या पानाची फरशी मांडीवर घेऊन दाराकडे बघत होती. हौसानं सूप खाली ठेवलं होतं.

"आजोबा," तेजल म्हणाली, "नखं जन्मजात चपटी असली तर दोन्ही हातांची असतात. आजींचं एकच आहे. आणि मधोमध मार लागल्याची रेघ आहे त्याच्यावर."

"असतं एखाद्याचं."

"आणि तुमची सगळी नखं धड आहेत."

मी म्हणालो की माझा एकही घाव चुकलाच नव्हता, म्हणून धड आहेत. आणि घाईनं तांब्या तोंडाला लावला.

"पोरी," हौसा दारातून म्हणाली. ऐकू येत नाही म्हणतात, पण एकूण एक अक्षर तिच्या कानावर पडलेलं होतं. तिनं डावा अंगठा पदराला पुसला आणि उजेडात धरला. "हे त्रेसष्टावं कमळ. दिवस कलला हुता, हातोडी घसरली. चिंधी बांधून पुढची सोळा केली."

"म्हणजे सगळी तुम्ही?"

"मंग कोण? सरबत पिऊन हे गाडीतच बसले. आले ते रविवारी, गौरी गेल्यावर."

धैर्यशील माझ्याकडे बघायला लागला. मी तांब्यात बघायला लागलो.

"पण मग तुमचे वडील?" तेजलनं विचारलं. "त्यांनी विचारलं ना, हात कुणाचा?"

"इचारलं की. मी पदरात अंगठा लपवला आणि म्हणलं, हैबतीचा." हौसानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "आबांना काय, टाकी त्यांनीच शिकीवली हुती मला. पर काय बोलले न्हाईत. तेवढं एक खोटं माझं, पोरी. त्याच्या पुढची सगळी ह्यांची."